गाठ जिरली, ग्रंथीचे काय?

नवरात्रात ठाण्याच्या टेंभी नाक्यावर दुर्गेश्वरीच्या दर्शनाच्या रांगेत लोक देवीकडे बघतात आणि मी लोकांचे गळे बघतो. सवय वाईट, पण जाता जात नाही. आनंद दिघे यांनी 1978 साली हा उत्सव सुरू केला, तेव्हापासून इथला मंडप आणि रोषणाई हा ठाणेकरांच्या कौतुकाचा विषय आहे. मूर्ती दिसावी म्हणून माणूस टाचा उंचावतो, हनुवटी वर जाते, मान मागे कलते आणि सगळा उजेड नेमका गळ्यावर पडतो. त्यातच कुणीतरी आवंढा गिळते. थायरॉइड तपासायला आम्हाला शिकवले ते असेच: रुग्णाला उजेडात बसवा, मान थोडी मागे न्यायला सांगा, घोटभर पाणी द्या. गिळताना जी गाठ वर सरकून पुन्हा खाली येते ती बहुधा थायरॉइडची. रांगेत एखाद्या बाईची अशी गाठ दिसते आणि मी नजर वळवतो. देवीच्या दारात कुणी न विचारता निदान सांगू नये, एवढे शहाणपण वयाने आले आहे.

डोंबिवलीच्या एका बाई माझ्याकडे आल्या, त्यांची गाठ पहिल्यांदा ओळखली ती त्यांच्या जाऊबाईंनी. भाचीच्या लग्नात थुशीचा गोंडा नेहमीच्या जागी आवळेना, तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, तुझा गळा एका बाजूने भरलाय." पुढे सोनोग्राफी झाली, सुईने पेशी काढून तपासल्या. गाठ साडेतीन सेंटिमीटरची, साधी, कर्करोगाची नव्हे. टीएसएच (ग्रंथीला कामाला लावणारे संप्रेरक; ग्रंथी कमी पडली की ते वाढते) 1.8, म्हणजे ग्रंथीचे काम उत्तम. बाई बँकेत नोकरीला. सगळे कागद एका पारदर्शक फोल्डरमध्ये तारखेनुसार लावलेले. मला म्हणाल्या, "डॉक्टर, कापाकापी नको. हल्ली सुईने जाळतात म्हणे. पण मग मला थायरॉइड होणार नाही ना?"

या प्रस्तावनेचा आणि पुढच्या सगळ्या पानांचा विषय त्या एका प्रश्नात आहे.

आपल्या बोलण्यात 'थायरॉइड' हे अवयवाचे नाव राहिलेलेच नाही, ते दुखण्याचे नाव झाले आहे. "तिला थायरॉइड आहे", "मला बाळंतपणानंतर थायरॉइड झाला" असे आपण सहज म्हणतो. पाठ्यपुस्तकातला अवटू ग्रंथी हा शब्द परीक्षेपुरता उरला. गलगंड हा जुना शब्द, सुश्रुतसंहितेत येणारा, पण तो फक्त दिसण्याविषयी बोलतो. गळा सुजला, लोंबू लागला, एवढेच. ग्रंथी कमी काम करते की जास्त, हे त्यातून कळत नाही. गाठ असणे ही एक गोष्ट आणि ग्रंथीचे काम बिघडणे ही दुसरी. गाठ असलेल्या बहुतेकांचे काम बिघडलेले नसते, आणि आयुष्यभर थायरॉक्सिनची गोळी घेणाऱ्या कित्येकांना गाठ नसते. हा फरक मनात पक्का बसला की पुढची पाने वाचायला सोपी जातील.

बाईंच्या प्रश्नामागचा इतिहास दीडशे वर्षांचा आहे. स्वित्झर्लंडमध्ये बर्न इथे थिओडोर कोखर नावाचे शल्यविशारद होते. डोंगराळ मुलुख, अन्नपाण्यात आयोडीनचा तुटवडा, त्यामुळे गलगंडाचे रुग्ण मुबलक. कोखर यांचा हात इतका हलका की रक्तस्रावाने मरणारे रुग्ण वाचू लागले. 1874 साली त्यांनी 11 वर्षांच्या एका मुलीची संपूर्ण ग्रंथी काढली. जखम छान भरली, मुलगी घरी गेली. काही काळाने तिच्या गावाकडच्या डॉक्टरांनी कळवले की मुलगी बदलली आहे. मंद झाली, सुस्त झाली. कोखर यांनी तिला पुन्हा पाहिले तेव्हा जवळपास 9 वर्षे लोटली होती. शस्त्रक्रियेपूर्वी ती आणि तिची धाकटी बहीण ओळखू येऊ नये इतक्या सारख्या दिसत. आता धाकटी वयात आलेली, उंच; थोरली मात्र बुटकी राहिलेली, चेहरा सुजलेला. कोखर यांनी 1883 साली हे सगळे सर्जनांच्या सभेत स्वतःहून मांडले. संपूर्ण ग्रंथी काढलेले जे 18 रुग्ण त्यांनी परत बोलावून तपासले, त्यांतल्या 16 जणांची कमीअधिक हीच गत होती. 1909 चे नोबेल त्यांना मिळाले ते ग्रंथीवरच्या एकूण कामासाठी. माझ्या मते मोठेपणा रुग्णांना परत बोलावण्यात होता. सर्जनच्या वहीत त्या सगळ्या शस्त्रक्रिया 'यशस्वी' म्हणूनच नोंदलेल्या होत्या.

पुढे 1891 मध्ये इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून अशा रुग्णाला उभे केले, 1914 च्या नाताळात एडवर्ड केंडल यांच्या हाती थायरॉक्सिनचे स्फटिक आले, आणि आज ती गोळी कल्याण स्टेशनबाहेरच्या कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळते. त्यामुळे ग्रंथी गेली तरी माणूस जगतो, नीट जगतो. पण रोज सकाळी उपाशीपोटी गोळी, नंतर अर्धा-पाऊण तास चहा नाही, दर काही महिन्यांनी रक्त तपासणी, गरोदरपणात डोस वाढवणे, हे सगळे निरोगी ग्रंथी असलेल्या माणसाच्या मागे एका साध्या गाठीपायी का लावायचे?

सर्जनांनी यावर तोड काढली ती अर्धी ग्रंथी राखण्याची. गाठ असलेली बाजू काढायची, दुसरी ठेवायची. उरलेली बाजू पुष्कळदा दोघींचे काम एकटी ओढते. पुष्कळदा, नेहमी नव्हे. 2012 साली 32 अभ्यास एकत्र करून केलेल्या एका विश्लेषणात अर्धी ग्रंथी काढलेल्यांपैकी सुमारे 22 टक्के लोकांत काम कमी पडलेले आढळले. यातले बरेचसे नुसत्या रक्ततपासणीत दिसणारे, त्रास न देणारे. ज्यांच्या रक्तात आधीपासून ग्रंथीविरुद्धची प्रतिपिंडे होती त्यांच्यात हे प्रमाण 48 टक्के, नसलेल्यांत 19. दर पाचांत एक. सुईच्या उपचारांची सगळी वकिली या आकड्यावर उभी आहे.

सुईचे उपचार म्हणजे एकच उपचार नव्हे. पाण्याने भरलेल्या गाठीतले पाणी नुसते काढले तर ते पुन्हा भरते. काढून त्या जागी थोडा शुद्ध अल्कोहोल सोडला तर आतले अस्तर मरते आणि पिशवी मिटते. इटलीत ही पद्धत 1990 च्या सुमारास थायरॉइडसाठी रुळू लागली. नंतर लेझरची बारीक तार आली. कोरियात 2006 पासून रेडिओफ्रीक्वेन्सीचे, म्हणजे सुईतून वीज सोडून तिच्या उष्णतेने गाठ जाळण्याचे, अहवाल येऊ लागले, पाठोपाठ मायक्रोवेव्ह, आणि सुईच न टोचता बाहेरून ध्वनिलहरी एका बिंदूवर गोळा करून जाळण्याची पद्धत. युरोपीय थायरॉइड संघटनेने 2020 मध्ये यावर मार्गदर्शक सूचना काढल्या. मुंबई-ठाण्यातल्या काही खासगी रुग्णालयांत यातले उपचार आता होतात. जिल्हा पातळीवरच्या सरकारी रुग्णालयांत ते सर्रास मिळायला वेळ लागेल.

रेडिओफ्रीक्वेन्सी एकदा जवळून बघण्यासारखी आहे. रुग्ण जागा असतो. उताणा झोपलेला, खांद्याखाली उशी, मान मागे. म्हणजे पुन्हा तीच दर्शनाच्या रांगेतली मान. गळ्याची कातडी आणि ग्रंथीचा वेढा बधिर करतात. सुई गळ्याच्या मधोमध, ग्रंथीच्या दोन पाकळ्या जोडणाऱ्या अरुंद पुलातून आडवी आत जाते, म्हणजे रुग्ण हलला किंवा बोलला तरी तिची जागा सुटत नाही. गाठ आणि नाजूक भाग यांच्यामध्ये साखरेचे पाणी सोडून अंतर निर्माण करतात. सलाइन नाही, कारण मिठाच्या पाण्यातून वीज वाहते. मग सर्वांत खोल कोपऱ्यापासून सुरुवात. पडद्यावर सुईच्या टोकाशी पांढरे बुडबुडे उठतात, ढग जमतो, सुई किंचित मागे ओढली जाते, पुन्हा ढग. एका जागी थांबायचे नाही. मधूनमधून डॉक्टर विचारतात, "नाव सांगा बघू तुमचं." ही विचारपूस आवाजासाठी: स्वरयंत्राची नस ग्रंथीच्या पाठीला चिकटून जाते, तिला धग लागली तर आवाज बसतो. गाठीच्या कडेच्या, नसेजवळच्या थोड्या पेशी म्हणूनच मुद्दाम सोडून देतात. जळलेला भाग शरीर हळूहळू शोषून घेते. वर्षभरात गाठ साधारण निम्म्याने ते ऐंशी टक्क्यांनी आटते. भोवतालची निरोगी ग्रंथी जागच्या जागी राहते.

आणि तिचे काम? कोरियातल्या 13 केंद्रांनी 1459 रुग्णांचा एकत्रित हिशेब 2012 मध्ये मांडला. गुंतागुंत एकूण 48 जणांत, त्यातली गंभीर 20, आणि त्या 20 पैकी 15 आवाजाच्या. ग्रंथीचे काम कमी पडले असा रुग्ण एक. बाईंच्या प्रश्नाला हे उत्तर देता आले असते, आणि मी दिलेही. तरी या उत्तराला तीन शेपट्या आहेत.

पहिली शेपटी वेळेची. थायरॉइड ही साठा करणारी ग्रंथी आहे. दोन-तीन महिने पुरेल इतके संप्रेरक ती आपल्या बारीक पिशव्यांत भरून ठेवते. उष्णतेने पिशव्या फुटल्या की हा माल एकदम रक्तात सांडतो. थायरॉक्सिन वर जाते आणि मेंदूच्या तळाशी बसलेली पीयूषिका ग्रंथी टीएसएच आखडता घेते. रक्तातले थायरॉक्सिन निम्मे व्हायला साधारण आठवडा लागतो आणि टीएसएच त्याहून सावकाश जागेवर येतो. म्हणजे दहाव्या दिवशीचा टीएसएच खोटे बोलत नाही, पण जुनी बातमी सांगतो.

हे मी आज लिहितो आहे. त्या बाईंच्या वेळी मी ते विसरलो. मुंबईत त्यांची गाठ व्यवस्थित जाळली गेली. दहाव्या दिवशी धडधडते म्हणून त्या आल्या, मी टीएसएच करायला सांगितला, तो 0.08 आला आणि मी कार्बिमाझोल लिहून मोकळा झालो. कार्बिमाझोल नवीन संप्रेरक बनणे थांबवते; सांडलेल्या साठ्यावर त्याचा काही उपयोग नाही. तिथे हवा होता थोडा धीर, फार तर धडधडीची गोळी. सहा आठवड्यांनी बाई आल्या त्या जड पावलांनी, डोळ्यांखाली सूज, आवाज घोगरा. टीएसएच 14. "डॉक्टर, गाठ तर गेली, पण मला शेवटी थायरॉइड झालाच ना?" झाला होता, आणि तो सुईने नव्हे, माझ्या पेनाने झाला होता. गोळी बंद केली.

दुसरी शेपटी आपल्या समाजाच्या रक्ताची आहे. मुंबई आणि गोव्यासह देशातल्या आठ शहरांत 5376 प्रौढांची पाहणी झाली, ती 2013 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात 10.95 टक्के लोकांत ग्रंथीचे काम कमी होते आणि सुमारे 22 टक्क्यांच्या रक्तात प्रतिपिंडे होती. म्हणजे कल्याण-डोंबिवलीच्या लोकलच्या एका डब्यात कुणालाही सुई न लावता दर नऊ-दहा माणसांमागे एकाचे काम कमीच सापडेल. अशा लोकांत गाठ जाळली आणि पाच वर्षांनी काम मंदावले, तर ते सुईने मंदावले की या प्रतिपिंडांमागच्या हाशिमोटोच्या आजाराने, जो तसाही आपल्या पावलांनी येतच होता? आधीचा टीएसएच आणि आधीची प्रतिपिंडे तपासलेली असतील तरच याचे उत्तर देता येते. परदेशातले आकडे उचलून आपल्या रुग्णाला सांगताना हा फरक मनात हवा. जळलेल्या पेशींतून थायरोग्लोब्युलिन हे ग्रंथीतले प्रथिन बाहेर पडते, त्यामुळे काहींच्या प्रतिपिंडांना तात्पुरती उचकी लागते, तीही यातच धरावी. आणि एक बारीकसारीक पण रोजची गोष्ट: केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या खाणाऱ्या बायका आपल्याकडे पुष्कळ आहेत. काही प्रयोगशाळांच्या यंत्रांत बायोटिनमुळे टीएसएच खोटा कमी आणि थायरॉक्सिन खोटे जास्त दिसते. रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस ती गोळी बंद ठेवावी.

तिसरी शेपटी 'गरम' गाठींची. पीयूषिकेला न जुमानता आपल्याच मर्जीने संप्रेरक बनवणाऱ्या या गाठी. इथे सगळा हिशेब उलटा होतो. रुग्णाचा टीएसएच आधीच दबलेला, भोवतालची निरोगी ग्रंथी झोपलेली. साध्या गाठीत कडेच्या चार पेशी उरल्या तर बिघडत नाही, गरम गाठीत उरलेली कडच पुन्हा उचल खाते. म्हणून आकाराला इथे महत्त्व येते. 2018 मधल्या एका इटालियन अभ्यासात 12 मिलिलिटरपेक्षा लहान गरम गाठींत 86 टक्के रुग्णांना गुण आला, मोठ्यांत 45 टक्क्यांना. या रुग्णांसाठी किरणोत्सारी आयोडीनचा जुना मार्ग अजून भक्कम आहे. परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर 1963 पासून हे काम करते आहे, आणि आपल्याकडच्या किती पिढ्यांनी त्यासाठी परळच्या फेऱ्या मारल्या याची गणती नाही. त्यामागची युक्ती मला फार आवडते. झोपलेली ग्रंथी आयोडीन पीत नाही, जागी गाठ पिते आणि स्वतःच जळते. पण झोप कधीच पूर्ण नसते. म्हणून आयोडीन घेतलेल्यांत वर्षानुवर्षे हळूहळू काम कमी पडणारे निघत राहतात आणि त्यांची तपासणी जन्मभराची.

आयोडीनवरून मिठाकडे वळायचा मोह होतो. मुलुंड, भांडुप, भाईंदरची मिठागरे लोकलच्या खिडकीतून बघत आम्ही मोठे झालो, आणि त्या जाड्या मिठात आयोडीन जवळजवळ नसते हे कॉलेजात गेल्यावर कळले. 17 मे 2006 पासून खाण्यासाठी बिनआयोडीनचे मीठ विकायला देशभर बंदी आहे. त्या धोरणाचा आणि बदलत्या गाठींचा संबंध हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय, इथे एवढेच.

पुढची पाने कुणासाठी आहेत हे सांगायला हवे. रेडिओलॉजिस्टला सुई कशी धरावी ते शिकवणारी पुस्तके आहेत, तीही इंग्रजीत उत्तम आहेत. हे लेखन आहे ते नाक्यानाक्यावरच्या फॅमिली डॉक्टरसाठी, परिचारिकेसाठी, वैद्यकीय विद्यार्थ्यासाठी, आणि गाठ असलेल्या त्या माणसासाठी ज्याला आपल्या भाषेत प्रश्न विचारायचा आहे. सुई मुंबईत लागते, पण त्यानंतरची दहा वर्षे रुग्ण ठाण्यात, बदलापुरात, मुरबाडला असतो. ठाण्याचे सिव्हिल म्हणजे विठ्ठल सायन्ना रुग्णालय. त्याची टेंभी नाक्याजवळची बाह्यरुग्णांची रांग आठवते. त्यात शहापूरहून पहाटेची गाडी धरून आलेली माणसे असत. त्यांना दर तीन महिन्यांनी या म्हणणे सोपे, येणे अवघड. म्हणून कोणती तपासणी केव्हा खरोखर हवी आणि कोणती नुसती सवयीने लिहिली जाते, हे या लेखनात आवर्जून मांडले आहे. माझे मत सांगायचे तर उपचाराआधी टीएसएच आणि प्रतिपिंडे, मग सहा आठवड्यांनी, सहा महिन्यांनी आणि वर्षाने टीएसएच, आणि प्रतिपिंडे असलेल्यांना पुढेही दरवर्षी. दहाव्या दिवशी लक्षण असल्याशिवाय काहीही नको, आणि लक्षण असले तरी एकट्या टीएसएचवर औषध नको.

एक तक्रारही नोंदवतो. या क्षेत्रातले बहुतेक अहवाल गाठ किती टक्के आटली हे पहिल्या ओळीत सांगतात आणि ग्रंथीच्या कामाविषयी शेवटी अर्धी ओळ खर्च करतात: 'लक्षणीय फरक आढळला नाही.' पाठपुरावा बहुधा एक ते पाच वर्षांचा. मोबाइलवर फिरणारे आधीचे-नंतरचे फोटो तर गळ्याच्या आकारापलीकडे जातच नाहीत. बर्नच्या त्या मुलीचे काय झाले हे कोखर यांना स्वतः बघायला जवळपास 9 वर्षे लागली होती. आपल्याकडच्या रुग्णांचा दहा वर्षांचा, प्रतिपिंडांसह हिशेब कुणीतरी ठेवायला हवा. या पानांच्या वाचकांतून तो ठेवणारा एखादा निघावा अशी माझी इच्छा आहे.

डोंबिवलीच्या बाईंचा टीएसएच गोळी बंद केल्यावर तीन महिन्यांनी 2.1 झाला. प्रयोगशाळांच्या छापील मर्यादेत साधारण 0.4 ते 4 पर्यंत सगळेच येते, पण प्रत्येक माणसाची स्वतःची जागा त्याहून पुष्कळ अरुंद असते. बाईंची जागा मला ठाऊक होती, कारण त्यांच्या त्या पारदर्शक फोल्डरमध्ये सर्वांत तळाशी उपचारापूर्वीचा 1.8 चा कागद जपून ठेवलेला होता. तेव्हा वाचकहो, गाठ जिरली, थुशी नीट बसू लागली, तरी फाइल रद्दीत घालू नका. सुई लागण्यापूर्वीचा पहिला टीएसएचचा कागद तुमच्याकडे हवा. नसेल तर सुई लागण्याआधी तो मागून घ्या.